पेसाहच्या पातेल्यातली भट्टी

हॅलो?… हॅलो, कोण?… हदासा! अगं, मँचेस्टरहून, आत्ता?

नाही गं, धावत आले म्हणून धाप लागली. मला वाटलं रेचलचाच फोन, स्टेशनवरून… अगं, ती त्यांना आणायला गेलीय ना! पिंकस मंडळींना. तिच्या मार्टिनच्या आईवडिलांना, होणाऱ्या सासूसासऱ्यांना… हो, आज. आजच. चहाला. चारला यायचेत आणि माझ्या घरात कसला वास सुटलाय म्हणून सांगू तुला…

नाही, काही करपलं नाही. करपलं असतं तर बरं झालं असतं. खिडक्या उघडून मोकळी झाले असते.

दारू, हदासा. दारू काढतायत तुझे भावोजी. स्कलरीत. माझी भांडी घासायची जागा आहे ना मागे, तिथे.

हसू नकोस… हसू नकोस म्हणते ना! तुला हसायला काय जातं. इथे माझ्या पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे आणि हा माणूस बाह्या वर करून… एक मिनिट हं.

अहो! अहो, ती खिडकी उघडी ठेवा हो! वरच्या मिसेस ड्वायर वास घेत जिन्यात उभ्या राहतील!

…हं, बोल. नाही, हदासा, विकत आणायला काय हरकत आहे, तेच मी म्हणतेय. पण ऐक ना, तुला मुळापासून सांगायला हवं. मागच्या महिन्यात ते लोक पहिल्यांदा आले, शुक्रवारी. मी नेहमीसारखा किद्दूशचा, आशीर्वादाचा पेला मांडला. काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून… हो, आईसारखंच, दुसरं काय! आपण कोकणातली माणसं, आपल्याला द्राक्षाची वाइन कोण देणार होतं? पिढ्यान् पिढ्या मनुकांच्या पाण्यावरच आशीर्वाद म्हटलाय. तर मिसेस पिंकसनं पेला घेतला, एक घोट घेतला, आणि म्हणाली, ‘हाउ स्वीट. इज इट फॉर द चिल्ड्रन?’

हो! अगदी अशीच. ओठ असे मिटून.

ह्यांचा चेहरा असा झाला… मला वाटलं आता उठून जातात. पण नाही. मिस्टर पिंकस बिचारे बरे आहेत गं. ते सावरायला म्हणाले, मला तर पेसाहचे आठ दिवस फार जड जातात, व्हिस्की मिळत नाही. बार्लीची ना ती, धान्याची, म्हणजे खमीर आलंच, आणि सणात पिठा-खमिराचा कण चालत नाही. झालं! ह्यांनी तिथल्या तिथे छातीवर हात ठेवून सांगितलं, ‘मिस्टर पिंकस, धिस पेसाह यू विल ड्रिंक फ्रॉम माय हँड. फ्रॉम सेम रेझिन्स.’ ह्याच मनुकांची म्हणे कडक काढून पाजतो.

तो दिवस आणि आजचा दिवस. माणूस झपाटलाय.

कशात म्हणजे? पहिल्यांदा माझ्या प्रेशर कुकरमध्ये. शिट्टी काढली आणि तिथे गॅसची रबरी नळी खुपसली. जे काही थेंब आले ना, हदासा, सायकलची ट्यूब उकळून प्यावी तशी चव! आंबवलेल्या मनुका खाली लागल्या त्या वेगळ्याच. गाळल्याच नव्हत्या! मग आलं शहाणपण. माझ्या उशीच्या अभ्र्यातून गाळल्या. चांगला नक्षीचा अभ्रा… आता तपकिरी झालाय, आयुष्यभर तपकिरी राहणार.

मग रबर नको म्हणून तांब्याची नळी आणली. ती रंगाच्या डब्याभोवती गुंडाळायला गेले, तर वळणावर चेपली. तीन रात्री… जाऊ दे, किती रात्री मोजू. शेवटी आठवलं ह्यांना, परळच्या वर्कशॉपमध्ये नळी वाकवताना आत वाळू भरायचे. वाळू कुठून आणली विचार.

शेजारच्या पोराच्या सँडपिटातून! हो! पन्नाशीचा माणूस, बस गॅरेजमधला चार्जहँड, म्हणजे मुकादमच, बादली घेऊन कुंपणावर वाकलेला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वेटोळं मात्र छान झालं हं, ते मान्य करते. रेचलच्या लहानपणीच्या टबात बसवलंय, वरून नळाचं थंड पाणी सोडलंय, खालून दुसरीकडे वाहून जातं. माणसं चंद्रावर जाऊन आली, आणि आमच्याकडे एक टब गळायचा थांबला याचाच केवढा आनंद.

नाही, अजून सुधारणा संपल्या नाहीत. ॲल्युमिनियमला वास येतो, तांबंच पाहिजे, असं कुणीतरी ह्यांच्या डोक्यात भरवलंय. कोण ते सांगत नाहीत…

काय?

नॅथननी? तुझ्या नॅथननी सांगितलं? फोनवर? आणि तुला पत्ताच नाही?… वा! हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बसून हे धंदे! विचार, विचार त्यांना आत्ताच्या आत्ता… काय म्हणतायत?… पहिली वाटीभर फेकून द्यायची? का?… डोळे जातात?!

अहो! अहो, ऐकलंत का! नॅथन म्हणतायत, पहिली वाटी तोंडाला लावायची नाही! विष असतं म्हणे!

…हे म्हणतायत, माहीत आहे, ती खिडक्या पुसायला बाजूला ठेवणार. बघ. दोघांचं सगळं आधीच ठरलेलं. आपणच दोघी बावळट.

आणि हदासा, हे बेकायदा आहे, ठाऊक आहे ना तुला? बिअर, वाइन घरी केली तर चालते, पण हे नाही. कस्टम्सवाले येतात. लायसन्स लागतं. पिंकस मंडळी पुढच्या दाराने आणि कस्टम्सवाले मागच्या दाराने, एवढंच राहिलंय आता.

हो, घाबरलेय. घाबरलेयच मी. तुला काय वाटतं, एवढ्या दारूला घाबरतेय?

…

ते कागद मागतायत, हदासा.

कसले म्हणजे? आम्ही खरे यहुदी आहोत याचे. मिसेस पिंकस गोडच बोलली, ‘आमच्या रबायना, धर्मगुरूंना, फक्त खात्री करून घ्यायची आहे.’ माझ्या लग्नाचा कागद दाखवला. तो म्हणे ठीक. पण माझ्या आईचा? आईच्या आईचा? अगं, आजीचं लग्न नागावला नारळाच्या वाडीत झालं! सगळा गाव जेवून गेला. तिला कुणी विचारलं होतं का, बाई, तुझ्या नातीच्या पोरीला लंडनमध्ये लागेल, दोन कागद जास्त करून ठेव?

रेचल दिवसा हसतखेळत असते. पण रात्री रडते, मला ऐकू येतं. तो मार्टिन चांगला आहे गं. खरंच चांगला आहे. पण आईच्या शब्दाबाहेर नाही. ती नाही म्हणाली, तर संपलं.

मग मीच म्हटलं मिसेस पिंकसला. कागद नाही माझ्याकडे, पण आईचं पातेलं आहे. तांब्याचं, पेसाहचं… तेच गं! आपलं. ठाण्याचं. आईनं मला बोटीवर चढताना दिलं ते. मी सांगितलं तिला, माझ्या आजीपासून हे पातेलं वर्षातले आठ दिवस खाली उतरतं, बाकी वर्षभर कापडात बांधून वर. त्याला पिठाचा कण कधी लागलेला नाही. हाच माझा कागद. तर तिनं माझा लग्नाचा कागद घडी करून परत दिला. मग म्हणाली, ‘आय वुड लाइक टू सी इट.’ म्हणून आज येतायत. चहा-बिहा नावाला. पातेलं बघायला येतायत. आणि शुक्रवारी पेसाहच्या रात्री आमच्याकडे त्याच पातेल्यातलं जेवणार, असं बोलणं झालंय.

हो ना, म्हणूनच जीव थाऱ्यावर नाही माझा. घर तर मी लख्ख केलंय. कपाटं, खणं, रेचलच्या कोटाचे खिसेसुद्धा उलटे करून झाडले. पिठाची शेवटची पिशवी तेवढी मागच्या दाराशी ठेवलीय, मिसेस ड्वायरना देऊन टाकायला. आता फक्त चहा झाला की वर लॉफ्टवरून पातेलं काढायचं, आणि…

काय हो?… काय?… थांब, हे ओरडतायत.

वाफ सुटतेय म्हणे. झाकणाच्या कडेनं. सगळी दारू भिंतीला पाजतायत… अहो, मग बंद करा ना गॅस! चार वाजत आले!… नाही म्हणे, आता कुठे धार लागायची वेळ.

सांगू का, मला रागही येतो आणि वाईटही वाटतं. अगं, इथे ह्यांना कोण विचारतं? गॅरेजमध्ये कालची पोरं नाव घेऊन हाक मारतात, तेही धड नाही, तोडून ‘हिली’ म्हणतात. त्या पेल्यावरून ती बाई हसली ते ह्यांना लागलंय. त्यांना दाखवायचंय, आमच्या मनुका पोरांच्या नाहीत म्हणून. मला कळतं ते. म्हणून तर इतके दिवस गप्प बसले…

हं? थांबली म्हणतायत वाफ. काहीतरी लावलं म्हणे कडेला. आणि थेंब पडायला लागले! ऐकू येतंय का तुला? टप… टप… नाही येणार फोनवर. एकदम काचेसारखे स्वच्छ म्हणे. वासही नाही, तांब्याचा गुण…

तांब्याचा?

हदासा, आमच्याकडे तांब्याचं दुसरं काय आहे?

थांब. ठेवू नकोस. आले मी.

…

……

हॅलो.

…हो, आहे.

नाही… काही नाही… थांब जरा. मला बसू दे.

आईचं पातेलं आहे, हदासा. गॅसवर. झाकणाला भोक पाडलंय, मधोमध, आणि त्यातून ती नळी. सकाळी मी दुकानात गेले तेव्हा लॉफ्टवरून काढलं. मला म्हणतायत कसे, ‘अगं, पेसाहची दारू पेसाहच्याच भांड्यात काढायला नको का? दुसऱ्या सगळ्या भांड्यांना वर्षभर पीठ लागलेलं असतं.’ यीस्टसुद्धा पावाचं नाही घेतलं, वाइनचं घेतलं, शोधून शोधून. एवढी काळजी! एवढी अक्कल! आणि मग वाफ सुटली, तर मागच्या दाराशी पिठाची पिशवी दिसली…

कणीक.

कणीक मळून लावली, हदासा. झाकणाच्या कडेनं, गोल. बिर्याणीच्या हंडीला लावतात तशी. बोटांचे ठसे उमटलेत त्यांच्या.

…

नाही, त्यांना कळलंच नाही गं. मी नुसतं बोट दाखवलं. मग बघितलं त्यांनी हाताकडे. पीठ लागलेलं. आणि चेहरा असा उतरला… भांडायलाही सुचेना मला. आता स्टुलावर बसलेत. धार चालू आहे, तिच्याकडे बघतही नाहीत.

…काय उपयोग धुऊन? उकळतंय ते, उकळतंय! कणकेसकट!

कल्हई? कल्हई करून घे म्हणे! ठाण्याला आई अंगणात कल्हईवाला बसवायची पेसाहच्या आधी, इथे विल्सडनमध्ये कोण येणार आहे, भाता घेऊन? आणि झाकणाचं भोक? ते काय कल्हईनं भरणार?

नवं घेता येईल, हो. उद्या बाजारात गेलं की हवी तेवढी पातेली मिळतील. पण ते नवंच असणार ना! नवं पातेलं काय सांगणार तिला? त्याला ना माझी आई माहीत, ना आजी.

नको. हदासा, नको… अगं, असं सांगूच नकोस मला. लपवायचं म्हणजे काय? कणीक खरवडून, घासून, चकचकीत करून तिच्यापुढे ठेवायचं, ‘बघा, याला पिठाचा कण लागलेला नाही’? कुणाला कळणार म्हणतेस. मला कळणार! शुक्रवारी त्यातलं तिच्या ताटात कशी वाढू मी?

हो, लग्न मोडेल. मोडेल, मला माहीत आहे. मी काय… काय करू मी? पोरीला काय सांगू, तुझ्या बाबांनी कणकेनं…

…आईनं बोटीवर किती वेळा सांगितलं होतं गं. ‘पितळेची समई हरवलीस तर हरवू दे, हे सांभाळ.’ एवढंच मागितलं होतं तिनं. एवढंच. आणि मी ते…

बेल.

बेल वाजली, हदासा. आले ते. अजून चार नाही वाजले! आणि माझे डोळे… पदर कुठाय… नाही, ठेवू नकोस, मला एकटं वाटेल, फोन असाच बाजूला ठेवते…

येस, येस, कमिंग!… रेचल, थांब गं, पुढे आत नको… मिसेस पिंकस, प्लीज, कम इन… नो, नो, नोबडी डाइड… नो… इट्स… इट्स माय मदर्स पॉट, मिसेस पिंकस. देअर इज… देअर इज पीठ… फ्लार ऑन इट…

………

……

हॅलो? हदासा? आहेस?

हळू बोलतेय, हो. कोट टांगलेत ना हॉलमध्ये, त्यांच्या मागे तोंड घालून बोलतेय.

नाही, गेले नाहीत. आहेत.

सांगते, सांगते. ती दारातच उभी राहिली. माझं तोंड बघून तिला वाटलं, घरात कुणी गेलं. मी सांगायला लागले आणि मग मला आवरेचना. अर्धं इंग्लिश, अर्धं मराठी… तिला काय कळलं देव जाणे. आई, ठाणे, बोट, कणीक, सगळं एकदम. हे आतून धावत आले, हातात कणीक, ‘नथिंग, नथिंग, आय क्लीन!’ रेचल भिंतीला टेकून पांढरीफटक.

मग मिसेस पिंकसनं आधी हॅट काढली. माझ्या हातात दिली. सरळ स्कलरीत गेली. पहिल्यांदा गॅस बंद केला. मग पातेल्याभोवती फिरली, नळी बघितली, टब बघितला, वेटोळं बघितलं. मिस्टर पिंकस मागून नाक वर करून वास घेतायत… मग तिनं त्या कणकेला एक बोट लावलं. आणि तशीच उभी राहिली गं, बोट लावून.

मला वाटलं, संपलं.

मग म्हणाली, तिच्या आईचा एक चमचा होता पेसाहचा. त्यांच्या गावी, तिकडे पोलंडमध्ये. हिनं लहानपणी तो उचलला आणि पावाच्या ताटात टाकला, खेळता खेळता. आई सण संपेपर्यंत रडत होती. वडील हसायचे तिला, एका चमच्यासाठी रडतेस म्हणून… आणि माझ्याकडे वळून म्हणाली, आईनंतर भांड्यासाठी रडणारी बाई मी आज बघितली.

हो. एवढंच. नाही, कागदाचं नाव नाही काढलं. मी तेच सांगतेय तुला. नावच नाही काढलं.

आणि ऐक ना… ऐक, पुढचं ऐक. तिच्याकडे दोन मोठी पातेली आहेत, पेसाहची. एक तिचं आणि एक तिच्या सासूचं. सासूचं उद्या मार्टिनबरोबर पाठवते म्हणाली. माझ्याकडे. शुक्रवारचा स्वयंपाक त्यात कर म्हणाली.

हो ना! अगं, कोण देतं? पेसाहचं भांडं कोण कुणाच्या घरात देतं? ज्या घराची खात्री नाही तिथे तर… तू दिलं असतंस मला? खरं सांग. तुझं मोठं पातेलं?

…बघ. माझी सख्खी बहीण गप्प बसली.

रडत नाहीये. थोडी. रेचलला बघ ना, ती तिकडे मार्टिनला फोन करायचा म्हणून माझ्या मागे उभी आहे, हा फोन कधी सुटतो म्हणून. दोन मिनिटं गं, राणी.

हे? हे आणि मिस्टर पिंकस मागच्या अंगणात. तिनं हाकललं दोघांना. पेले घेऊन बसलेत. कणकेची वाफ लागली म्हणजे पेसाहला ती चालणार नाही, मग शुक्रवारच्या आत संपवायलाच हवी, असं मिस्टर पिंकस म्हणतायत. फार गंभीरपणे म्हणतायत… हो, पहिली वाटी बाजूला काढलीय, नॅथनना सांग… चव? काय माहीत. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येतंय आणि मिस्टर पिंकस पाठीवर थापट्या मारतायत, म्हणजे जमली असावी.

कसला आवाज?… अच्छा, तो. खरवडतायत. कणीक सुकायच्या आत निघाली पाहिजे ना, नाहीतर तांब्याला धरून बसते…

नाही गं, रेचल कुठली! रेचल इथे माझ्या पाठीशी. आत ती आहे.

ती म्हणजे कोण काय, हदासा? माझी विहीण!

चल, ठेवते मी. तिचा ब्लाउज सिल्कचा आहे, एप्रन द्यायला हवा तिला.